डेक्कन जिमखाना ते अँटवर्प, व्हाया लंडन

शंभर यार्डांची शर्यत वळणावरून पळायची, असं मी सणस मैदानावर माझ्या मुलांना सांगितलं तर बाई आज बऱ्या नाहीत असं समजून ती एकमेकांकडे बघतील. 1919 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत मात्र हा बेत अगदी गंभीरपणे ठरलेला होता. मैदान लहान, गवतावर रूळ फिरवलेला नाही, सरळ शंभर यार्ड मिळायची पंचाईत. मग वळवा शर्यत! धावणाऱ्यांच्या मधे दोऱ्या लावून प्रत्येकाची वाट वेगळी करायची विलायती पद्धत होती, तीही इथे नव्हती. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तिथे होते. केंब्रिजला शिकलेला, तिथले सगळे मैदानी खेळ खेळलेला माणूस. त्यांना काय वाटलं असेल ते समजू शकतं. दहा वर्षांनी, 1929 मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत आठवणीने घातली आहे.

हे पत्र मला आवडतं, कारण त्यात एका जाणकाराने बिनओळखीच्या धावपटूंकडे पहिल्यांदा बघितल्याची नोंद आहे. आम्ही प्रशिक्षक हेच काम करतो. टाटांना दिसलं की स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुलं आहेत, साधं खाऊन शेतात राबणारी. नियमांची ओळख नाही, तालीम म्हणजे काय ते ठाऊक नाही, पाय अनवाणी. आणि तरीही लांबच्या शर्यतीत, खडीच्या रस्त्यावरून पळून त्यांनी जे वेळ दिले, ते युरोपातल्या वेळांच्या शेजारी ठेवता येण्यासारखे होते. टाटांनी तिथेच सांगितलं, यातल्या तिघांना मी माझ्या खर्चाने अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवतो. इंग्रज प्रशिक्षक, योग्य आहार आणि शिस्तीची तालीम मिळाली की ही मुलं देशाचं नाव काढतील, असा त्यांचा हिशेब होता.

पुण्याला तीन पुरले नाहीत. एवढं चाललंच आहे तर पूर्ण संघ का नको, असा विचार इथल्या राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी केला. डेक्कन जिमखाना 1906 सालचा. देशी व्यायाम आणि विलायती मैदानी खेळ एका अंगणात आणायचे हा त्याचा हेतू. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या जिमखान्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि हा संबंध नाही याचा अभिमान पुरेपूर होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत हिंदुस्थानला ऑलिंपिकमध्ये भाग घ्यायची परवानगी मिळवली गेली. म्हणजे मन स्वराज्याचं आणि शिफारस लाटसाहेबांची. त्या काळचं पुणं अशा दोन्ही दोऱ्या बिनदिक्कत हातात धरून होतं.

1920 मध्ये पुण्यात चाचण्या झाल्या आणि सहा जण निवडले गेले. धावायला बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. व्यवस्थापक सोहराब भूत, सोबतीला डॉ. फैजी. बॅनर्जी सोडले तर खेळाडूंचा सगळा संघ मुंबई इलाख्यातला. हिंदुस्थान म्हणून गेला खरा, पण निवडीची सगळी मांडणी मुठा नदीच्या काठी झाली होती.

लांब पळणं आपल्याकडे नवीन नव्हतं, हे इथे सांगायला हवं. पेशवाईत जासूद आणि हरकारे पत्रं घेऊन मजल दरमजल पळत होते. पुढे इंग्रजी टपालातही धावणारे हरकारे होते. फरक एवढाच की तो पोटाचा धंदा होता, कुणी वेळ लावत बसत नव्हतं. पत्र पोचलं की शर्यत संपली. जिंकायला समोर कुणी नसताना पळण्याची एक वेगळी चाल असते, आणि ती अंगात मुरलेली मुलं मी आजही बघते. बीड, सातारा, नंदुरबारकडून येतात. घड्याळ दाखवलं की बिघडतात.

संघ मुंबईहून बोटीने निघाला. ठरलं होतं ते असं की आधी इंग्लंडला उतरायचं, तिथे काही आठवडे सराव करायचा आणि ऑगस्टमध्ये बेल्जियमला जायचं. परदेशातलं सराव शिबिर म्हणून आज आपण जे ओळखतो, ते पुण्याने ठरवून पाठवलेल्या धावपटूंच्या वाट्याला पहिल्यांदा आलं ते असं. आज मुलं विमानात बसतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उभी राहतात. तेव्हा मुंबई ते लंडन हा सुएझ कालव्यातून तीन आठवड्यांच्या आसपासचा प्रवास होता. तीन आठवडे धावपटू पळला नाही तर काय होतं ते मी आजारी पडलेल्या मुलांवरून सांगू शकते. रक्तातलं पाणी कमी होतं, त्याच वेगाला नाडी जास्त चढते, पोटऱ्या आखडतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे स्वतःच्या वेगाचा अंदाज जातो. डेकवर चालता येतं, जोर-बैठका काढता येतात. पहिलवानांचं त्यावर निम्मं तरी भागतं. दहा मैल पळणाऱ्याचं भागत नाही. मे महिन्याचं ऊन अंगात घेऊन निघालेली ही माणसं इंग्लंडला उतरली तेव्हा तालीम सुरू होण्याआधीच त्यांची अर्धी तालीम समुद्रात गेलेली होती.

शिबिराच्या पहिल्या आठवड्याबद्दल इतिहासात सहसा काही नसतं. नोंदी निकालांच्या ठेवल्या जातात. पण पहिला आठवडा शरीराला कुठे कुठे पकडतो हे धावणाऱ्याला माहीत असतं, आणि 1920 सालचं लंडन कसं होतं हेही ठाऊक आहे. दोन्ही शेजारी ठेवले की बरंच दिसतं.

जमीन घ्या. इंग्लंडमध्ये तेव्हा चांगला ट्रॅक म्हणजे कोळशाची जळकी खर दाबून केलेला काळा ट्रॅक. लंडनचं स्टॅमफर्ड ब्रिज, आज चेल्सीच्या फुटबॉलमुळे माहीत असलेलं, हे तेव्हा मैदानी खेळांचंही मोठं ठिकाण होतं. इंग्लंडच्या वार्षिक अजिंक्यपद शर्यती तिथेच व्हायच्या. असा ट्रॅक कोरडा असला की चवड्याखाली भुसभुशीत लागतो, ओला झाला की पाय धरून ठेवतो. त्यावर अणकुचीदार खिळ्यांचे कातडी बूट घालून पळायचं. अनवाणी पळणारा माणूस पुढच्या चवड्यावर उतरतो, त्याची पोटरी स्प्रिंगचं काम करते. त्याच्या पायात एकदम कडक तळाचा बूट चढवला की पाऊल कसं टाकायचं हेच पहिल्यापासून शिकावं लागतं. बोटं चिमटतात, टाचेवर फोड येतात. पसरट पंजाच्या, भेगा पडलेल्या पायाला विलायती साच्याचा बूट बसणं आजही अवघड आहे. माझ्याकडे नंदुरबारचा एक मुलगा आहे, त्याच्या मापाचा स्पाइक पुण्यातल्या दुकानांत मिळवता मिळवता माझी चप्पल झिजली.

मग पोट. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती आणि इंग्लंडात साखर अजून रेशनवर होती. इंग्रज प्रशिक्षकाचा धावपटूसाठीचा आहार म्हणजे मांस, पाव, थोडी भाजी, आणि पाणी जपून. ज्याचं पोट ज्वारीची भाकरी, पिठलं, ताक आणि हिरवी मिरची यांवर पळालेलं आहे, त्याला हा आहार पहिल्या आठवड्यात जड पडणार यात शंका नाही. योग्य आहाराने मुलं सुधारतील हा टाटांचा अंदाज सद्हेतूचा होता, पण आहार बदलायचा तर शर्यतीच्या तोंडावर बदलू नये, हे आज मी शाळकरी मुलांच्या आयांनाही सांगते. गंमत म्हणजे अँटवर्पची मॅरेथॉन ज्याने जिंकली तो फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन शाकाहारी होता.

झोपेचंही तेच. जून-जुलैमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो. दिवेलागणीला जेवून आडवं होणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला त्या उजेडात झोप कशी लागणार? आणि अंथरुणात तळमळणाऱ्या धावपटूची दुसऱ्या दिवशीची शर्यत रात्रीच हरलेली असते.

तालमीची पद्धत हा सगळ्यांत मोठा पेच. त्या काळचे इंग्रज प्रशिक्षक फार पळवत नसत. लांब चालणं, अंगाला भरपूर मालिश, मोजकं पळणं, विश्रांती. आजच्या मानाने हा सराव अगदीच थोडा वाटेल, पण त्याला फळं येत होती. सॅम मुसाबिनी याच्या शिकवणीखाली अल्बर्ट हिल हा तिशी ओलांडलेला इंग्रज अँटवर्पला 800 आणि 1500 मीटर दोन्ही जिंकून गेला. तेव्हा पद्धत वाईट नव्हती. पण ती अशा माणसांसाठी होती, ज्यांना वर्षभर ट्रॅक, मालिशवाला आणि घड्याळ मिळत होतं. खडीच्या रस्त्यावरून तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन येणाऱ्याला आठवडाभर चालायला लावलं, की त्याला वाटणार आपण इथे चुकून आलो.

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. नव्वदच्या दशकात मी 1500 मीटर पळायचे आणि बल्गेरियात, रिला पर्वतातल्या एका शिबिरात जायची संधी मला मिळाली होती. जागा समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर. पुणं 560 मीटरवर आहे, त्यामुळे आपण घाटावरचे, आपल्याला काय होतंय, अशा ताठ्यात मी उतरले. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची सवय होती. इथे 48 लागणारी नाडी तिथे 60च्या पुढे. रात्री झोपेत श्वास मधेच थांबल्यासारखा होऊन दचकून जाग यायची. जिना चढून खोलीत गेलं की दाराशी उभं राहून दम घ्यायचा, आणि समोरच्या खोलीतल्या पोलिश मुली बघत नाहीत ना याची खात्री करायची. प्रशिक्षकाला इंग्रजी जेमतेम येत होतं. त्याने मला पळूच दिलं नाही. बोट दाखवायचा देवदारांकडे आणि म्हणायचा, चाल. मला अपमान वाटायचा. एवढ्या लांब मी चालायला आले? चालायचं तर पर्वती नव्हती का? खाण्यात मला तारलं ते तिथल्या दह्याने. घट्ट, आंबट, थेट घरच्या विरजणाचं. पावाबरोबर दही, भाताबरोबर दही, नुसतं दही.

पुढे मी क्रीडाशास्त्र शिकले तेव्हा त्या चालण्याचा अर्थ लागला. उंचीवर गेल्यावर पहिल्या दिवसांत रक्तातला पाण्याचा अंश घटतो. हृदयाला तेच काम करायला जास्त ठोके टाकावे लागतात. नव्या तांबड्या पेशी वाढून त्याचा फायदा दिसायला तीन आठवडे तरी लागतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात शिबिर तुमच्याकडून घेतं, देत काहीच नाही. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं तो चौथ्या दिवशी जोरात पळून दाखवतो आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात जातो. लंडनला उंची नव्हती, पण थंडी, बूट, अन्न, उजेड आणि भाषा ही पाच ओझी एकदम होती. चौगुले बेळगावचे, मराठी-कन्नड मुलखातले. सूचना इंग्रजीत. फैजी आणि भूत समजावून सांगायला होते, पण प्रशिक्षक धावता धावता जे ओरडतो, त्याचं भाषांतर होईपर्यंत वळण संपलेलं असतं.

अशात 1 ऑगस्ट आला. त्या पहाटे मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. टिळक स्वतः आदल्या वर्षीच चिरोल खटल्यानंतर इंग्लंडहून परतले होते. त्याच दिवशी असहकाराची चळवळही सुरू झाली. पुण्यातून गेलेला संघ तेव्हा साहेबाच्या देशात साहेबाच्या पद्धतीने पळायला शिकत होता. मी या तारखा पहिल्यांदा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या तेव्हा जरा वेळ गप्प बसले होते. ऑलिंपिकच्या पुस्तकात टिळक नसतात, टिळकांच्या चरित्रात चौगुले नसतात. आठवडा मात्र एकच होता.

मॅरेथॉन 22 ऑगस्टला झाली. हवा गार, पावसाची. ऑलिंपिकचा पाच कड्यांचा ध्वज आणि खेळाडूंची शपथ त्या वर्षी पहिल्यांदा आली, पण मॅरेथॉनचं अंतर अजून पक्कं व्हायचं होतं. अँटवर्पचा मार्ग भरला 42.75 किलोमीटर, म्हणजे आजच्या 42.195 पेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकमधली सगळ्यांत लांब मॅरेथॉन तीच. कोलेहमाइनेनने ती 2 तास 32 मिनिटं 35.8 सेकंदांत जिंकली. एस्टोनियाचा लॉसमान त्याच्या मागे 13 सेकंदांवर. तिसरा आलेला इटलीचा आर्री रेषेपलीकडे गेल्यावर आनंदाने कोलांट्या मारत सुटला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले, 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद.

हा आकडा लोक वाचतात आणि पुढे जातात. जरा थांबू या. किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटं पडतात. आजच्या अंतराला हाच वेग लावला तर 2 तास 48 मिनिटं 30 सेकंदांच्या आसपास. आज पुण्यात कुणी तीन तासांच्या आत मॅरेथॉन केली की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुलांचा पाऊस पडतो. त्याच्याकडे फोम तळाचे बूट, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, दर पाच किलोमीटरला जेलचं पाकीट असतं. चौगुल्यांकडे बोटीत गेलेले आठवडे, परक्या जेवणाचे आठवडे आणि पावसाने ओला रस्ता होता. पदक नाही म्हणून अँटवर्पची मोहीम फसली, असं जुन्या लिखाणात अधूनमधून सूचित होतं. मला ते पटत नाही. मला वाटतं, तालीम कमी पडली असेल, पण ती त्यांना लागू पडेल इतका वेळच उरला नव्हता. विलायती शिक्षणाने त्यांच्या वेळातून किती मिनिटं काढली आणि किती घातली, याचा हिशेब करणं अशक्य. किलोमीटरला चार मिनिटांची ती सलग चाल मात्र लंडनला शिकवलेली नव्हे. ती बेळगावकडून आली होती.

कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. कांस्यपदकाची लढत ते ब्रिटिश मल्लाकडून हरले. आणखी एक पाऊल पुढे गेले असते तर खाशाबा जाधवांच्या 1952 सालच्या कांस्यपदकाची गोष्ट आपण जरा वेगळी सांगत बसलो असतो. पुढे 1924 च्या पॅरिससाठी दिल्लीत अखिल भारतीय निवड झाली, मद्रासच्या वाय.एम.सी.ए.चे हॅरी बक त्या कामात होते. 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. पुण्याच्या हातून सूत्रं गेली, आणि ते बरंच झालं. एका जिमखान्याने किती दिवस देश पेलायचा?

जिमखाना मात्र पुण्यात राहिला आणि धावणंही. 1983 पासून पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा चक्र उलटं फिरलं. इथिओपिया आणि केनियाचे धावपटू इथे उतरू लागले, आणि त्यांचा पहिला दिवस आमच्या शहरात कसा जातो हे मी बघितलं आहे. रिक्षांच्या आवाजाला दचकतात, पाण्याच्या बाटलीचं झाकण तीनदा तपासतात, आणि भात दिसला की चेहरा सैल होतो.

अविनाश साबळेचं उदाहरण मुलांना मी हल्ली देते. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, मग स्टीपलचेसकडे वळला. 2022 मध्ये तो अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सला, 1800 मीटरहून जास्त उंचीवर सरावाला होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने 5000 मीटरचा बहादूर प्रसादचा 1992 पासूनचा राष्ट्रीय विक्रम 13 मिनिटं 25.65 सेकंदांत मोडला. ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला 8 मिनिटं 11.20 सेकंदांत राष्ट्रकुल रौप्य घेतलं, सुवर्ण 5 शतांश सेकंदाने गेलं. शेतकऱ्याचा मुलगा, परदेशी शिबिर, सगळं 1920 सारखंच. पण त्याला तिथे रुळायला वेळ मिळाला, आणि उंचीवरचा पहिला आठवडा वाया जातो हे आता सगळ्यांना ठाऊक असतं.

सगळ्यांना म्हणजे आईवडील सोडून. माझी मुलं उटीला किंवा आणखी लांब शिबिराला गेली की तिसऱ्या रात्री घरून फोन येतोच. मॅडम, तो म्हणतोय जेवण जात नाही, पाय उचलत नाहीत, परत आणू का? मी विचारते, सरांनी पळवलं का? नाही म्हणे, नुसतं चालवतायत. मग मी सांगते, चालू दे, फोन ठेवा, आणि पार्सलने मेतकूट पाठवा.